सातेरीवरचा आरोप

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात एक वाक्य हमखास ऐकू येते: सातेरी, आपली देशी आशियाई मधमाशी, पळपुटी आहे. पेटी लावावी, पहिला हंगाम जेमतेम निभवावा आणि एका सकाळी झाकण काढावे तर आत नुसती काळपट पोळी, कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी, माशी एकही नाही. पुढचे बोलणेही ठरलेले असते. ती रोगट आहे, स्वतःची पिल्ले ओढून दाराबाहेर टाकते, मध देते तो आठ-दहा किलो. तेव्हा तिचा नाद सोडा, मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन माशीच्या, पेट्या आणा, वर्षाला तीस-चाळीस किलो मध काढा. भंडारा जिल्ह्यात हे म्हणणे आता जाणकारांचे मत म्हणून चालते. धानावर भागत नाही, जोडधंदा हवा, जंगल शेजारी आहे, पळस-मोह-करंज फुलतो, पेटीला अनुदान मिळते. मग कोणती माशी पाळायची हे ठरवताना किलोच्या आकड्यापलीकडे कोण पाहतो?

मला हे म्हणणे खोडून काढायचे आहे. सातेरी पिल्ले टाकते, हे खरे आहे. ती घर सोडते, हेही खरे आहे. पण या दोन्ही गोष्टी तिच्या रोगटपणाच्या खुणा म्हणून सांगितल्या जातात, तिथे सारी गफलत होते. त्या रोगाशी झगडण्याच्या तिच्या रीती आहेत, आणि पहिली तर थेट वासावर चालते. पेटीत रोग शिरला की माश्यांमधला वासाचा व्यवहार आधी बदलतो. रोग अडतो तोही याच व्यवहाराच्या जोरावर. ज्याला हा व्यवहार ठाऊक नाही तो निरोगी वसाहतीला रोगट म्हणेल आणि रोगट पेटीला अनुदान देईल.

पोळ्याच्या आत अंधार असतो. तिथे हजारो माश्यांचे काम चालते ते बहुतांशी वासावर, स्पर्शावर आणि कंपनांवर. राणीच्या जबड्याजवळच्या ग्रंथींतून एक द्रव्य पाझरते. ९-ऑक्सो-डिसेनोइक आम्ल हा त्याचा मुख्य घटक. भोवतीच्या कामकरी माश्या ते चाटून घेतात आणि एकमेकींना भरवताना, मिशांनी चाचपताना साऱ्या घरात पोचवतात. राणी जागेवर आहे, एवढे त्यातून कळते. ते कळत राहिले तर कामकऱ्यांची अंडाशये सुप्त राहतात आणि नव्या राणीसाठी कोठी बांधली जात नाही. लहान अळ्या बीटा-ओसिमीन नावाचे उडून जाणारे द्रव्य सोडतात, त्यावर दाई माश्या त्यांच्याकडे वळतात. वाढलेल्या अळीच्या अंगावरचा वास बदलला की कामकऱ्या कोठीवर मेणाचे झाकण घालतात. बाहेर मकरंद आणणाऱ्या माश्यांच्या अंगी इथाइल ओलिएट साचते. ते तरुण माश्यांपर्यंत पोचले की त्या आणखी काही दिवस घरातच दाईचे काम करतात. नांगीतून सुटणारे आयसोपेंटाइल ॲसिटेट १९६२ साली ओळखले गेले. पिकल्या केळीसारखा त्याचा वास असतो, आणि आग्या मोहोळाच्या जवळून गेलेल्या झाडीपट्टीतल्या माणसाला तो काय घडवतो ते सांगायला नको. एक माशी डसली की बाकीच्यांना ठिकाण कळते.

आता यात आजार घाला. थाई सॅकब्रूड हा सातेरीचा सर्वांत घातक विषाणुरोग. त्याची लागण झालेल्या पेटीतला पिलाव्याचे, म्हणजे अंडी-अळ्यांचे, पोळे हातात घेतले तर झाकणांची रांग सलग दिसत नाही. मध्येमध्ये झाकणे अर्धवट कुरतडलेली, आणि त्या भोकांतून अळीचे डोके वर उचललेले. काडेपेटीच्या काडीने ती अळी अलगद उचलली तर अखंड निघते, आणि कातडीच्या आत पाणी भरलेले असते. आधी फिकट पिवळी, मग तपकिरी, शेवटी सुकून होडीसारखी वाकलेली खपली. ती कोठीला चिकटत नाही. युरोपियन फाउलब्रूड या जिवाणुरोगात चित्र निराळे असते. तिथे अळी झाकण पडायच्या आधीच वेटोळ्यात मरते आणि पेटीला आंबूस वास येऊ लागतो. माणसाच्या नाकाला तो वास येतो तोवर रोग पसरलेला असतो. माशीला आजारी अळीचा वास कितीतरी आधी कळतो, कोठीवर झाकण असले तरी.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत रोथेनब्यूलर यांनी १९६४ साली दाखवून दिले होते की काही वसाहतींमधल्या माश्या अमेरिकन फाउलब्रूडने मेलेला पिलावा शोधून झाकण काढतात आणि अळी बाहेर नेतात, काही वसाहतींमधल्या नेत नाहीत, आणि हा फरक वंशातून उतरतो. पुढचा प्रश्न, त्यांना कळते कसे, हा बराच काळ अर्धवट राहिला. २००९ साली खडू रोगाच्या बुरशीने ग्रासलेल्या अळ्यांतून निघणारी द्रव्ये तपासली गेली. त्यातले फेनेथाइल ॲसिटेट निरोगी पिलाव्याला लावले तरी माश्या तो साफ करू लागल्या. २०१८ साली कॅनडातल्या संशोधकांनी मेलेल्या शरीरात तयार होणाऱ्या ओलेइक आम्लाकडे लक्ष वेधले. हे आम्ल जागेवरच राहते, उडून जात नाही. त्याच्या जोडीला ओसिमीन असेल तर माशी आधी त्या कोठीकडे ओढली जाते आणि मग तिला इथली अळी मेली आहे हे कळते. म्हणजे दाराबाहेर पडलेली अळी पाहून वसाहत स्वतःची पिल्ले मारते असे जो सांगतो, त्याने उलटा अर्थ लावला आहे. त्या वसाहतीने मेलेले किंवा मरू घातलेले पिल्लू शोधून काढले आहे, विषाणू किंवा परजीवी कोळी आत वाढायच्या आधी.

सातेरी या कामात तरबेज आहे. व्हरोआ हा कोळी मूळचा तिच्याच जातकुळीवरचा. चीनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आशियाई माश्यांनी अंगावर सोडलेले कोळी जवळजवळ सगळे शोधून, एकमेकींच्या अंगावरून काढून टाकले. कोठीत शिरलेला कोळीही त्या कामकरी पिलाव्यात टिकू देत नाहीत. त्याची वीण होते ती नरांच्या कोठ्यांत. २०१६ साली या गोष्टीची आणखी एक बाजू पुढे आली. आशियाई माशीची कामकरी अळी कोळ्याच्या चाव्याला मेलिफेराच्या अळीपेक्षा जास्त नाजूक असते. ती लवकर दगावते, म्हणून लवकर ओळखली जाते आणि कोळ्यासकट बाहेर जाते. एक अळी जाते, घर वाचते. अशा माशीला रोगट म्हणणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि त्या म्हणण्यावर विसंबून पैसा खर्च करणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात सरळ नुकसान आहे.

मेलिफेराला ही शिस्त अजिबात नाही असे मी म्हणत नाही. काही वंशावळींत ती आहे, ती वाढवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. पण व्हरोआ तिच्यावर गेल्या शतकात गेला आणि सोबत पंख वेडेवाकडे करणाऱ्या विषाणूला बळ देऊन गेला. औषधाशिवाय ठेवलेल्या मेलिफेराच्या वसाहती साधारणपणे एक-दोन, फार तर तीन वर्षांत संपतात. भंडाऱ्यात यात आणखी एक भर पडते. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या रानांत आग्या मोहोळे लटकतात, आणि आग्या माशीवरचा ट्रोपिलेलॅप्स हा कोळी आशियात मेलिफेराच्या पेट्यांत आधीच शिरलेला आहे. आग्या माशी हंगामाबरोबर मुलूख बदलते, तेव्हा तिच्या पिलाव्यात खंड पडतो आणि कोळी उपाशी मरतो. पेटीतल्या मेलिफेराकडे पिलावा वर्षभर असतो. तिच्या पेट्या जंगलाच्या कडेला मांडणे म्हणजे या कोळ्याला बारमाही घर देणे.

आता पळून जाण्याचा आरोप. सातेरी घर सोडते, ती फुले आटली की, मेणकिडा वाढला की, पेटी वारंवार उघडली की, आणि पिलावा रोगाने सडू लागला की. शेवटच्या प्रकरणात ती काय करते ते नीट पाहावे. राणी अंडी घालणे थांबवते, उरलेला मध माश्या पोटात भरून घेतात, रोगाने भरलेली पोळी मागे सोडतात आणि नव्या जागी नवे मेण बांधतात. काही काळ अळीच नसते. सॅकब्रूडचा विषाणू सर्वांत जास्त वाढतो तो अळीत. आणि सॅकब्रूडवर तज्ज्ञ जो उपाय सांगतात तो काय आहे? राणीला पिंजऱ्यात ठेवा, पिलाव्यात खंड पाडा, जुनी पोळी काढून टाका. माशी जे करते तेच माणसाने करावे, असा तो सल्ला आहे. मग माशीने केले तर पळपुटेपणा आणि माणसाने केले तर शास्त्रीय व्यवस्थापन, हे कसे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. पळालेली वसाहत विषाणू अंगावर घेऊन जाते आणि नव्या जागी, नव्या शेजाऱ्यांत तो पोचवते. हे होते. सॅकब्रूड मोठ्या माश्यांतही राहतो, दिसत नाही इतकेच. पण रिकाम्या पेटीत दुसरी वसाहत बसवताना तीच काळी पोळी परत लावली जातात, हे त्याहून जास्त वेळा होते. मेण महाग आहे, पोळे बांधायला माशीला मध खर्चावा लागतो, म्हणून जुने पोळे वाया घालवायचे नाही ही काटकसर अंगवळणी पडलेली आहे. त्याच काटकसरीपोटी एका पेटीचे पिलाव्याचे पोळे दुसऱ्या कमजोर पेटीला दिले जाते, दोन अशक्त वसाहती एकत्र केल्या जातात. वसाहत अशक्त का झाली, हे आधी कोणी पाहत नाही. रोगाचे खापर मात्र माशीच्या स्वभावावर फुटते.

रोग हा वासाचा व्यवहार नुसता सुरू करतो असे नाही, तो बिघडवतोही. याचे पुरावे मुख्यतः मेलिफेरावरच्या कामातून आले आहेत, कारण जगभर पैसा तिच्यावर खर्च होतो. नोसेमा सेराने हा आतड्यातला परजीवी आशियाई माशीत १९९६ साली वर्णिला गेला आणि दहा वर्षांत युरोपातल्या मेलिफेरात सापडला. त्याची लागण झालेल्या कामकऱ्यांच्या अंगी इथाइल ओलिएटचे प्रमाण वाढते, असे फ्रान्समधल्या संशोधकांना २०१० साली आढळले. बाहेर कामाला पुरेशा माश्या आहेत असे सांगणारे हे द्रव्य. आजारी माशी ते जास्त सोडू लागली तर घराचा हिशेब चुकतो. लागण झालेल्या राणीच्या मुख्य गंधद्रव्याचे प्रमाणही वाढलेले दिसले, म्हणजे आतून खचलेली राणी घराला धडधाकट वाटू शकते. सॅकब्रूडची लागण झालेली तरुण दाई परागकण खाणे सोडते, अळ्यांपासून दूर होते आणि वय व्हायच्या आधीच बाहेर हिंडू लागते, ही गोष्ट इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला फार पूर्वी टिपलेली आहे. पंख वेडेवाकडे करणारा विषाणू माशीची वास शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची ताकद कमी करतो.

यातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०२० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून आला. इस्रायली तीव्र पक्षाघात विषाणूची लागण झालेल्या माशीला तिच्याच घरातल्या बहिणी कमी भरवतात, तिच्याशी तोंडाला तोंड लावणे टाळतात. घराला वास लागतो आणि घर अंतर राखते. पण तीच आजारी माशी परक्या पेटीच्या दारात गेली तर तिथल्या पहारेकरी माश्या तिला निरोगी परक्या माशीपेक्षा जास्त सहज आत सोडतात. पहारेकरी ओळखतात ते अंगावरच्या मेणचट द्रव्यांच्या वासावरून, आणि या विषाणूच्या लागणीत माशीच्या अंगावरचा तोच वास बदललेला असतो. आपल्या घरात अडवला जाणारा रोग शेजारच्या घरात पाहुणा म्हणून शिरतो. जंगलात दोन वसाहतींत पुष्कळ अंतर असते, तिथे याचा धोका थोडा. पन्नास-शंभर पेट्या एका ओळीत मांडल्या की आजारी माशीला दार शोधायला चार हात उडावे लागते.

उत्तर भारतातले मेलिफेरापालक मोहरीच्या, लिचीच्या फुलोऱ्यामागे ट्रकने पेट्या हलवतात. त्यांचा धंदाच त्यावर चालतो आणि त्यात गैर काही नाही. पण ही पद्धत भंडाऱ्यात आणायची तर ती इथे काय घेऊन येईल हे बोलायला हवे. ट्रक वैनगंगेच्या काठी उतरला, आठ-पंधरा दिवस मोहरी किंवा करंज संपेपर्यंत थांबला आणि निघून गेला. मागे त्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या सातेरीत काय राहिले, ते पुढच्या पिलाव्यात दिसेल. तोवर ट्रकवाला दोन राज्ये पलीकडे असेल. फुले आटल्यावर मेलिफेरा सातेरीच्या पेट्या लुटते. मध जातो, सोबत रोगाची देवाणघेवाण होते. वासाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे जी कोणत्याच प्रशिक्षणात सांगितली जात नाही. राणीच्या मिलनाच्या उड्डाणात नरांना खेचणारे मुख्य द्रव्य सातेरी, आग्या, फुलोरी आणि मेलिफेरा या सगळ्यांचे एकच आहे, तेच ९-ऑक्सो-डिसेनोइक आम्ल. श्रीलंकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की तिथल्या तीन देशी जातींचे नर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उडतात, त्यामुळे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. हजारो वर्षांत बसलेले हे वेळापत्रक आहे. बाहेरून आलेल्या माशीने ते पाळावे अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करायची?

सगळे रोग मेलिफेराने आणले असा कांगावा मात्र मी करणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात १९७१ साली सातेरीत युरोपियन फाउलब्रूडची नोंद झाली, तेव्हा मेलिफेरापालन हिमाचल-पंजाबच्या बाजूला नुकते रुजत होते. नगरोटा बगवानला ती यशस्वीपणे आणली गेली १९६०च्या दशकात. थाई सॅकब्रूड तर सातेरीच्याच जातीचा रोग. १९७६ साली थायलंडमध्ये, १९७८ साली मेघालयात तो दिसला, आणि १९९१-९२ मध्ये कर्नाटक-केरळात त्याने नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती नेल्या. मेलिफेराचे समर्थक हा दाखला नेहमी पुढे करतात. पण दाखला अर्धाच सांगतात. केरळात उरलेल्या थोड्या वसाहतींतून, रोग सोसून टिकलेल्या वंशावळींतून, सातेरीपालन पुन्हा उभे राहिले. नव्वद गेल्या त्यापेक्षा दहा का राहिल्या, हा प्रश्न कामाचा आहे. त्या दहांना वेचून वाढवणे याला वाणाची निवड म्हणतात. धानाच्या बाबतीत साकोलीचे संशोधन केंद्र हेच करत आले आहे, आणि त्यात कोणाला मागासलेपणा दिसत नाही.

औषधांविषयी एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण इथे नुकसान रोज होते. सॅकब्रूड विषाणूचा आहे. त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन चालत नाही, पाकात घाला की पोळ्यावर शिंपडा. तरी पिलावा मेलेला दिसला की हेच हाती येते, कारण फाउलब्रूडवर कधीतरी कोणीतरी ते वापरले होते. रोग जात नाही, प्रतिजैविक मधात उतरते. युरोपीय संघाने २०१० साली भारतीय मधाची आयात थांबवली त्यामागे असेच अंश होते. कोळ्यासाठी फॉर्मिक आम्ल, थायमॉल वापरतात. गरज असेल तिथे वापरावे लागते, हे मान्य. पण ज्या घराचा सारा कारभार वासावर आहे तिथे हे उग्र वास ओतताना, ती वसाहत स्वतःहून काय ओळखू शकते हे आधी तपासायला नको का? साधा धूरसुद्धा माशीच्या मिशांची वास घेण्याची ताकद दहा-वीस मिनिटे बोथट करतो. १९९५ साली हे मोजले गेले आहे. धुराने माश्या शांत होतात, कारण धोक्याचा वास त्यांना धड कळेनासा होतो. धुराडे हवेच, पण ते दर दोन दिवसांनी, नुसते पाहायला म्हणून पेटवू नये.

शिकलेल्या माणसांचा एक वेगळा पक्ष आहे. त्यांच्या मते माश्या मरतात त्या मोबाईलच्या टॉवरमुळे. भंडारा शहरात, तुमसरात, कोणत्याही चहाच्या टपरीवर हे ऐकायला मिळते, आणि जोडीला आइनस्टाइनच्या नावावरचे, माश्या गेल्या की माणूस चार वर्षांत संपेल हे वचन. ते वचन आइनस्टाइनचे असल्याचा कसलाही पुरावा नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, १९९४ साली ब्रसेल्समधल्या मधपाळांच्या आंदोलनाच्या पत्रकांतून ते पसरले. टॉवरची कथा २००७ साली एका ब्रिटिश वर्तमानपत्राच्या मथळ्यातून जगभर गेली. ज्या जर्मन प्रयोगावर ती उभी होती त्यात मोबाईल नव्हताच, घरगुती बिनतारी फोनचे तळ पेट्यांत ठेवले होते. पुढे पंजाब विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी पेटीतच चालू मोबाईल ठेवून माश्यांवर परिणाम पाहिला. पेटीच्या आत ठेवलेला फोन आणि शेतापलीकडचा मनोरा यांत फरक आहे. माझा राग या कथेवर आहे तो एका कारणासाठी. टॉवरला दोष दिला की पेटी उघडावी लागत नाही. पोळे उजेडात धरून झाकणे पाहावी लागत नाहीत, काळी पोळी जाळावी लागत नाहीत, उन्हाळी धानावर तुडतुड्यासाठी मारलेल्या इमिडाक्लोप्रिडबद्दल शेजाऱ्याशी बोलावे लागत नाही. हे कीटकनाशक आणि नोसेमा एकत्र आले की माश्यांची मर वाढते, हे २०१० सालीच फ्रान्समध्ये दाखवून झाले आहे.

राहिला उत्पन्नाचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही. लाखांदूरच्या दोन एकर धानवाल्याला आठ किलो आणि चाळीस किलो यातला फरक मला सांगायची गरज नाही. पण चाळीस किलो कुठे निघतात ते विचारा. ते निघतात तिथे, जिथे पेट्या फुलोऱ्यामागे फिरतात. भंडारा हा बांध्यांचा आणि तलावांचा मुलूख. रोवणी झाली की मैलोन्‌मैल धान. ते फुलोऱ्यावर येते तेव्हा पराग मिळतो, मकरंद मिळत नाही. रब्बीत लाखोळी, हरभरा, जवस, थोडी मोहरी, धुऱ्यावरची तूर. उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस, मोह, करंज. मधले पावसाळी महिने मेलिफेराला साखरेच्या पाकावर जगवावे लागते. पेटीमागे किती साखर लागेल, कोळ्याच्या औषधाला किती, ट्रकभाड्याला किती, हे अनुदानाच्या अर्जात नसते. सातेरी कमी मध देते, पण या उपासमारीत थोडक्यावर तग धरते आणि झाडाच्या ढोलीतून फुकट मिळते. शिवाय पवनी-भंडाऱ्याकडच्या काकडी, कारली, दोडक्याच्या वाडीत फळ धरते ते माशीमुळे. तो फायदा किलोच्या हिशेबात येतच नाही. महाबळेश्वरच्या मधाचे नाव सातेरीवर झाले. तिथे १९४६ पासून सरकारी काम आहे, आणि शेजारचे मांघर २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव जाहीर झाले. तो घाट, तिथली फुले वेगळी, मान्य. भंडाऱ्याला त्याची नक्कल जमणार नाही. पण सातेरीवर धंदा उभा राहत नाही, असे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. पेट्या वाटणाऱ्या प्रत्येक योजनेने आपली सातेरी याच जिल्ह्यातून, बोड्यांच्या पाळीवरच्या आणि गावठाणातल्या टिकून राहिलेल्या वसाहतींतून वाढवावी. जंगलाच्या आणि अभयारण्यांच्या कडेला फिरत्या मेलिफेरा पेट्यांना मांडणी देऊ नये. आणि पेटी शेतकऱ्याच्या हाती द्यायच्या आधी तिची साफसफाईची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा महाग नाही. झाकण घातलेल्या शंभर कोठ्यांचा एक तुकडा निवडायचा, प्रत्येक कोठीत बारीक टाचणी टोचून आतले कोशावस्थेतले पिल्लू मारायचे, चौकट परत लावायची आणि चोवीस तासांनी किती कोठ्या साफ झाल्या ते मोजायचे. टोचलेल्या पिल्लाच्या अंगातून द्रव पाझरतो, त्याच्या वासावर माश्या कामाला लागतात. ज्या वसाहतीने जवळजवळ सगळ्या कोठ्या रिकाम्या केल्या ती वाढवायची, जिने निम्म्याही केल्या नाहीत तिची राणी बदलायची. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राला हे करायला एक टाचणी, एक वही आणि एक माणूस लागेल. निकालाचा आकडा आणि पिलावा तपासल्याची तारीख पेटीच्या झाकणावर लिहिलेली असावी. ज्या झाकणावर हे दोन आकडे नाहीत ती पेटी शेतकऱ्याने, अनुदान कितीही असो, घेऊ नये.